नळदुर्गचा उपली बुरूज: वर चढून काय पाहावे?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)





यंदाची सहल नळदुर्गला न्यायची असे ठरले, तेव्हा दोन प्रश्न माझ्या कानांवर आले. विद्यार्थ्यांनी विचारले, "सर, तिथे काय आहे?" पालकांनी विचारले, "सर, तिथे काय ठेवलंय?" शब्द जवळजवळ तेच, पण सूर अगदी निराळा. या दोन्ही प्रश्नांना एकदमच उत्तर द्यावे म्हणून आज मी उभा आहे. वेळ थोडा आहे आणि किल्ला मोठा आहे. त्यामुळे सगळा किल्ला मी सांगणार नाही. एका बुरुजावर तुम्हांला घेऊन चढणार आहे आणि तिथून जेवढे दिसेल तेवढेच दाखवणार आहे.

नळदुर्ग आपल्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात आहे. सोलापूरहून हैदराबादकडे निघाले की सुमारे ४५ किलोमीटरवर हे गाव लागते. बोरी नदीने इथे वळण घेतले आहे आणि त्या वळणातल्या काळ्या पाषाणाच्या उंचवट्यावर किल्ला बसवला आहे. ज्या जिल्ह्याला आपण लहानपणापासून उस्मानाबाद म्हणत आलो आणि ज्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले, तो जिल्हा त्याही आधी नळदुर्ग जिल्हा म्हणूनच ओळखला जात होता. कचेऱ्या, अंमलदार, फिर्यादी, वकील सगळे तिथेच जात. आज बस नळदुर्गच्या फाट्यावर दोन मिनिटे थांबते, आपण खिडकीतून चहा घेतो आणि पुढे निघून जातो. किल्ला उजवीकडे की डावीकडे, हेही पुष्कळांना सांगता येत नाही.

किल्ल्याच्या आत, बऱ्याच मोकळ्या जागेत, एक बुरूज सगळ्यांच्या वर डोके काढून उभा आहे. तोच उपली बुरूज. मराठीत त्याला उपळी, उपळ्या असेही म्हणतात आणि पुस्तकांतून ही सगळी रूपे सापडतात. विद्यार्थी मित्रांनो, या नावापाशी क्षणभर थांबा. आपल्या घरात नानी-दादी 'वरचा' म्हणायला कोणता शब्द वापरतात? 'उपला माळा', 'उपली अलमारी' हे आपण रोज ऐकतो. उपली बुरूज म्हणजे वरचा बुरूज. ज्या बोलीला शाळेत "हे काय अर्धवट बोलतोस" म्हणून हिणवले जाते, त्या दखनी बोलीतला शब्द या उंच दगडी बांधकामाला चिकटून राहिला आहे. आणि 'बुरूज' हा शब्द मूळ अरबी 'बुर्ज' आहे, तो मराठीत इतका मुरला आहे की आज कोणालाही तो परका वाटत नाही. खंदक, दरवाजा, किल्लेदार, तोफ या शब्दांचेही तेच. किल्ला पाहायला निघालेल्या माणसाची अर्धी शब्दसंपत्ती फारसी, तुर्की आणि अरबीतून आलेली असते आणि तो तिला मराठीच समजतो. तसे समजणे बरोबरही आहे.

याच नावाचा एक भाऊ विजापुरात आहे. तिथल्या उपली बुरुजाला हैदर बुरूज असेही म्हणतात. इसवी सन १५८३-८४ च्या सुमारास हैदरखान नावाच्या सरदाराने तो बांधवला. उंची सुमारे ८० फूट, बाहेरून वळत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि माथ्यावर दोन लांबलचक तोफा. एक तर ३० फुटांच्या आसपास लांब आहे. तो तटात गुंतलेला नाही, आत उंच जागा पाहून स्वतंत्र बांधला आहे. नळदुर्गचा बुरूज पाहताना हा विजापूरचा बुरूज डोळ्यांपुढे असू द्या, कारण दोन्ही ठिकाणी विचार एकच आहे. तटावरचा बुरूज शत्रू तटाला भिडला की कामाला येतो. आतला उंच बुरूज त्याच्या पुष्कळ आधी, शत्रू नुसता क्षितिजावर दिसू लागला की कामाला येतो. म्हणून त्याला टेहळणीचा बुरूज म्हणायचे. नळदुर्गच्या बुरुजावरही लांब तोफा आहेत, पण तिथल्या शिपायाचे पहिले हत्यार त्याचे डोळे होते.

डोळ्यांना उंची का लागते, याचा एक छोटा हिशेब आहे. आठवीच्या पुढच्या विद्यार्थ्यांनी तो वहीत उतरवून घ्यावा. पृथ्वी गोल आहे, म्हणून सपाट मैदानातही आपली नजर एका मर्यादेपलीकडे जात नाही. पुढची जमीन खाली वळलेली असते. ती मर्यादा किती, हे काढण्याची सोपी रीत अशी: डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिला १३ ने गुणा आणि वर्गमूळ काढा. येणारा आकडा साधारणपणे किलोमीटरमधले अंतर असतो. तुमचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतील तर दीड गुणिले तेरा म्हणजे साडेएकोणीस आणि त्याचे वर्गमूळ सुमारे चार पूर्णांक चार. म्हणजे शेतात उभे राहून तुम्हांला साडेचार किलोमीटरच्या आतबाहेरचे दिसते. आता भोवतालच्या रानापेक्षा २५ मीटर उंच जागी उभे राहा. पंचवीस तेरी सव्वातीनशे, वर्गमूळ अठरा. साडेचारचे अठरा किलोमीटर झाले! मध्ये टेकाड आले नाही तर आणि हवा स्वच्छ असली तर, एवढे मात्र लक्षात ठेवा.

या हिशेबात आणखी एक गंमत दडलेली आहे. दुप्पट लांबचे पाहायचे तर दुप्पट उंची पुरत नाही, चौपट लागते. २५ मीटरवरून अठरा किलोमीटर दिसते, छत्तीस किलोमीटर पाहायला १०० मीटर चढावे लागेल. म्हणून शहाणा बांधकाम करणारा मनोरा वाढवत बसत नाही. तो आधी उंच जमीन शोधतो आणि तिच्यावर बुरूज चढवतो.

अठरा किलोमीटर म्हणजे काय, हे त्या काळच्या फौजेच्या चालीवरून समजून घ्या. तोफा, बैलगाड्या, तंबू, दाणावैरण आणि सगळे बाजारबुणगे घेऊन निघालेली मोठी फौज दिवसाकाठी पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे सहसा जात नसे. याचा अर्थ बुरुजावरच्या माणसाला धूळ दिसली की किल्ल्याला जवळजवळ एक दिवस मिळाला. एका दिवसात पेठेतली माणसे आत घेता येतात, गुरे आत आणता येतात, दरवाजे लावून मागे अडसर भरता येतात, शेजारच्या ठाण्याकडे स्वार पिटाळता येतो. किल्ल्याची किंमत पुष्कळदा या एका दिवसात असते.

पण धूळ दिसणे आणि धूळ ओळखणे यांत फरक आहे. संध्याकाळी गुरे घरी परततात तेव्हाही धूळ उठते, वावटळीचीही उठते, व्यापाऱ्यांच्या बैलांच्या तांड्याचीही उठते. वरच्या माणसाला यातली कोणती कशाची, हे सांगता आले पाहिजे. उगाच नगारा वाजवला तर अख्खे गाव कामधंदा सोडून आत धावेल, आणि दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा कोणी धावणार नाही. वाजवायला उशीर केला तर त्याहून वाईट. मला नेहमी वाटते की सगळ्या किल्ल्यात सर्वांत अवघड नोकरी या बिचाऱ्याची असेल. ना लढाई, ना लूट, ना बढाई मारण्यासारखे काही. दिवसभर ऊन खात बघत राहायचे, आणि जे खरोखर दिसले तेच सांगायचे. शिक्षकाचा पेशाही थोडा असाच आहे, पण तो विषय आज नको.

आता हा एवढा पहारा इथेच का लागला? कारण हा मुलूख सरहद्दीचा होता. बहामनी राज्य फुटले आणि दख्खनमध्ये पाच सत्ता उभ्या राहिल्या. त्यांतल्या विजापूरच्या आदिलशाहीची आणि अहमदनगरच्या निजामशाहीची शिव आपल्या या भागातून जात होती. परंडा निजामशाहीकडे, नळदुर्ग आदिलशाहीकडे, आणि सोलापूरवरून दोघांचे वर्षानुवर्षांचे भांडण. आज ही तिन्ही ठिकाणे आपण एका दिवसात पाहून येऊ शकतो, तेव्हा त्यांच्यामध्ये दोन राज्ये होती. आपल्या परंड्याच्या किल्ल्यावरून विजापूरला गेलेली मुलूख-मैदान तोफ सगळ्यांना ऐकून ठाऊक असेल. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, परंड्यावर राहिली आणि १६३२ मध्ये विजापुरी नेली गेली. या दोन दरबारांत किल्ले, तोफा, सरदार आणि मुली सारख्या इकडून तिकडे जात होत्या.

मुली म्हटल्यावर चाँदबीबीचे नाव घेतलेच पाहिजे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची ही मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली होती. १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. गादीवर बसला त्याचा पुतण्या इब्राहिम, वय अवघे नऊ वर्षांचे. चाँदबीबी त्याची पालनकर्ती झाली. दरबारात सरदारांची आपसांत मारामारी, राजा लहान, ही संधी साधून अहमदनगर आणि गोवळकोंडा या दोघांच्या फौजा मिळून विजापूरच्या मुलखात शिरल्या आणि त्यांनी नळदुर्गला वेढा घातला. जरा मनात आणून पाहा. आत आदिलशाहीचा किल्ला, आणि बाहेर जी छावणी पडली आहे तिच्यातली एक फौज चाँदबीबीच्या माहेरची! वेढा बरेच दिवस चालला. नळदुर्ग पडला नाही. वैतागून फौजा विजापुरावर चालून गेल्या आणि तिथूनही त्यांना हात हलवत परतावे लागले. पुढे १५९५-९६ मध्ये हीच चाँदबीबी माहेरी अहमदनगरला होती आणि मोगलांनी वेढा घातला, सुरुंग लावून तट उडवला, तेव्हा पडलेले खिंडार तिने रातोरात भरून काढवले. ती गोष्ट तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचली असेल. पण तिच्या आयुष्यातले एक प्रकरण आपल्या जिल्ह्यातल्या या दगडांपाशी घडले, हे पाठ्यपुस्तकात बहुधा नसते.

आणि तो नऊ वर्षांचा मुलगा? तो मोठा झाला, दुसरा इब्राहिम आदिलशहा म्हणून १६२७ पर्यंत राज्य करून गेला. संगीताचा वेडा, रागरागिण्यांवर 'किताब-ए-नवरस' लिहिणारा, दखनीवर प्रेम करणारा असा हा राजा होता. बुरुजावर उभे राहून नदीकडे पाहिले की याच राजाच्या कारकिर्दीतले सगळ्यांत सुंदर काम दिसते. बोरी नदीवर किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ यांना जोडणारा दगडी बंधारा घातला आहे, सुमारे १७४ मीटर लांबीचा. या बंधाऱ्याच्या पोटात खोल्या आहेत आणि तोच पाणीमहाल. बांधणारा मीर इमादीन. काम पुरे झाल्याचे वर्ष १६१३. भिंतीत फारसी शिलालेख आहे. बंधाऱ्यावरून पाणी दोन सांडव्यांनी खाली कोसळते, त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. नदी भरून वाहत असताना खालच्या खोलीत उभे राहिले की समोर पाण्याचा पडदा आणि आत माणूस कोरडा!

इथे माझ्यातला भूगोलाचा मास्तर गप्प बसत नाही, म्हणून थोडे अधिक सांगतो. बंधारा हा किल्ल्याचा शृंगार नाही. किल्ला पडतो तो बहुतेक तहानेने. तट भक्कम असून पाणी संपले की किल्लेदाराला किल्ल्या पुढे कराव्या लागतात. नदी बाहेर आणि आपण आत असे असले तर शत्रू नदीकाठी तळ देऊन मजेत बसतो. मीर इमादीनने नदीच दोन तटांच्या मध्ये कोंडून धरली. पाणी साठले, बंधाऱ्यावरून रणमंडळाला जायचा रस्ता मिळाला, आणि त्याच दगडांत राजाला बसायला गार जागाही झाली. एका बांधकामात तीन कामे! चारशे वर्षांहून अधिक काळ बोरीचे पूर अंगावर घेऊन तो उभा आहे. आज वरच्या बाजूला बोरी धरण आहे, ते भरून वाहू लागले की नर-मादी वाहतात. ज्या वर्षी पाऊस रुसतो त्या वर्षी कोरडा बंधारा पाहावा लागतो. आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको. पण मी तर म्हणेन, कोरड्या वर्षीही पाहा, कारण तेव्हा दगड कसे सांधले आहेत ते नीट दिसते.

शिलालेखापाशी आपल्या मुलांची एक निराळी स्थिती होते. इतर शाळांची मुले आली की ती अक्षरांकडे नक्षी म्हणून पाहतात. आपली मुले अलिफ, मीम, नून ओळखतात, अडखळत एखादा शब्द लावतात, आणि तिथेच थांबतात, कारण भाषा फारसी आहे. अक्षर येते, अर्थ येत नाही. या सभेत बसलेल्यांपैकी एखाद्या मुलाने किंवा मुलीने पुढे फारसी शिकायचे, मोडी शिकायचे मनावर घेतले, तर आपल्या जिल्ह्याची कितीतरी जुनी कागदपत्रे त्याची वाट पाहत पडली आहेत. डॉक्टर आणि इंजिनिअर व्हा, जरूर व्हा. पण सगळ्यांनी तेच व्हावे असे कोठे लिहिलेले नाही.

अशाच एका वाट चुकलेल्या मुलाची गोष्ट नळदुर्गलाच घडली. १८५३ मध्ये निजाम सरकारने कर्जापोटी हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तो १८६० मध्ये परत मिळाला. त्या मधल्या काळात इथला कारभार पाहायला मेडोज टेलर नावाचा अंमलदार आला आणि नळदुर्गला राहिला. घरची ओढगस्त म्हणून तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १८२४ मध्ये, हिंदुस्थानात धाडला गेला होता. म्हणजे शाळा अर्धवटच. मोजणी, कायदा, इथल्या भाषा, सगळे त्याने नोकरी करता करता शिकून घेतले. मराठवाड्याच्या या भागात त्याने रस्त्यांची, तलावांची कामे काढली. चाँदबीबीवर त्याने इंग्रजीत एक मोठी कादंबरी लिहिली, ती त्याच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये छापून निघाली. आत्मचरित्रात त्याने नळदुर्गच्या किल्ल्याविषयी प्रेमाने लिहिले आहे. परक्या देशाचा माणूस येऊन आपला किल्ला पाहतो, मोजतो, त्यावर लिहितो, आणि आपण शेजारच्या गावात राहून तो पाहत नाही!

आता एका गोष्टीकडे वळतो. ती सांगावी की न सांगावी असा मी पुष्कळ विचार केला. नळदुर्गचे नाव काढले की आपल्यातले काही वडीलधारे गप्प होतात. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरली, आणि तिला पहिले मोठे ठिकाण लागले ते नळदुर्ग. बोरीवरचा पूल उडवला जाण्याच्या आत तिने शाबूत ताब्यात घेतला. ज्या बुरुजावरून शतकानुशतके पश्चिमेकडे पाहिले जात होते, त्याच दिशेने या वेळी रणगाडे आले, आणि त्यांना दिवसभराची मजल लागत नव्हती. उपली बुरुजाची सद्दी त्या सकाळी पुरती संपली. चार-पाच दिवसांत संस्थानने शरणागती पत्करली आणि निजामी राजवट संपली. त्याआधी रझाकारांनी या जिल्ह्यातल्या गावोगावी जे केले ते ज्यांनी भोगले त्यांची घरे इथे आहेत. त्यानंतर निरपराध मुसलमानांवर जे गुदरले त्यांचीही घरे इथे आहेत. १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल यांची समिती हा मुलूख फिरून गेली. सर्वाधिक झळ लागलेले म्हणून जे चार जिल्हे तिने नोंदवले त्यांत उस्मानाबाद होता.

ही हकिगत मुलांना सांगू नये, त्यांची मने कलुषित होतील, असे काही पालक म्हणतात. माझे मत उलट आहे. घरात कुजबुजीने ऐकलेली गोष्ट मुलाच्या मनात वाढत जाते. उजेडात, दोन्ही बाजू मांडून, वर्ष आणि ठिकाण सांगून ऐकलेली गोष्ट आपल्या आकाराची राहते. मघाशी मी बुरुजावरच्या माणसाचे काम सांगितले. त्याने एकाच दिशेला पाहिले असते तर किल्ल्याचा काय उपयोग झाला असता? म्हणून मी वर्गाला वर नेल्यावर चारही दिशा दाखवणार आहे. पश्चिमेला सोलापूरचा रस्ता आणि त्याची ही हकिगत. पूर्वेला हैदराबाद, जिथे पिढ्यान्‌पिढ्या आपली मुले शिकायला, नोकरीला गेली. खाली नदी, बंधारा, जामा मशीद, नऊ पाकळ्यांचा नव बुरूज. आणि गावाच्या अंगाला खंडोबाचे ठाणे, जिथला देव वर्षातले काही महिने नळदुर्गला आणि बाकीचे अणदूरला राहतो. दोन गावांनी एक देव वाटून घेतला आहे आणि त्यावरून भांडण नाही! भोवताली ज्वारीची, तुरीची, सोयाबीनची राने. हे सगळे एका जागेवरून दिसते, आणि एकाच जिल्ह्यातले आहे.

ज्यांना दाट झाडीतल्या टेकडीवर चढायची हौस आहे त्यांनी नळदुर्गला ती अपेक्षा ठेवू नये. कडुलिंब, बाभळी, सीताफळीची झुडपे आणि तटाच्या फटींत रुजलेले पिंपळ, एवढीच हिरवाई. झाडी पाहायची तर येडशीचे रामलिंग आहे, १९९७ पासून ते अभयारण्य आहे, त्याची सहल पुढच्या पावसाळ्यात काढू. आणि तटातल्या त्या पिंपळाचे कौतुक करू नका. त्याची मुळे चुन्याच्या सांध्यात शिरतात आणि फुगत फुगत दोन-दोन मणांचे दगड बाहेर ढकलतात. तोफांना जमले नाही ते काम पिंपळाचे रोप करते. त्याच्या खालोखाल नुकसान करणारा प्राणी म्हणजे खिळा घेऊन आलेला विद्यार्थी. या दगडांवर पूर्वी आलेल्यांची नावे तुम्हांला कोरलेली दिसतील. त्यांत यंदा एकाचीही भर पडता कामा नये. ज्याचे नाव दिसेल तो पुढच्या सहलीला येणार नाही, हे मी सर्वांसमक्ष सांगून ठेवतो.

राहता राहिला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि तो मी थेट वडील मंडळींना उद्देशून बोलणार आहे. सहलीची संमतिपत्रे आम्ही वाटतो. पाचवी ते आठवीच्या मुलींची संमतिपत्रे बरीचशी सही होऊन येतात. नववीपासून ती यायची थांबतात. मुलांची मात्र दहावीपर्यंत येत राहतात. मी कारण विचारले की उत्तर मिळते, "सर, जमाना खराब आहे." जमाना कसा आहे हे मी सांगत बसत नाही. मी फक्त व्यवस्था सांगतो. बसमध्ये मुलींसोबत तीन शिक्षिका असतील. सकाळी सातला निघू आणि मगरिबच्या आत शाळेच्या फाटकात परत येऊ. डबे घरचे असतील. मुलींची तुकडी बुरुजावर आधी चढेल आणि खाली आल्यावर मुलांची चढेल. बंधाऱ्यावर कोणी एकटे जाणार नाही. नदीला पाणी जास्त असेल तर पाणीमहालात कोणीच जाणार नाही. किल्ल्यावर आग्यामोहोळ असू शकते, म्हणून अत्तर लावून येऊ नये आणि दगड मारू नये. हे मुलांसाठी सांगतो आहे, मुलींना ते सांगावे लागत नाही.

एवढे करूनही ज्यांच्या मनात शंका उरेल त्यांच्यासाठी एक उपाय काढला आहे. बसमध्ये आठ जागा मुलींच्या मातांसाठी राखून ठेवल्या आहेत. भाडे संस्था देईल. आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या, इथेच सासरी आलेल्या, मुलेबाळे वाढवलेल्या कितीतरी भगिनींनी नळदुर्गचा किल्ला आतून पाहिलेला नाही. दवाखाना, लग्न आणि मयत यांखेरीज त्यांचा प्रवास झालेला नाही. उपली बुरुजावर चढताना गुडघे दुखतील, मध्ये थांबावे लागेल. थांबा. घाई कोणाची नाही. वर गेल्यावर स्वतःचे गाव कोणत्या दिशेला आहे ते मुलीला बोट करून दाखवा. तिने दिशा कशी ओळखायची ते वर्गात शिकलेले असेल, ती तुमचे बोट चुकले तर दुरुस्त करील.

विद्यार्थ्यांना गृहपाठही आहेच. वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि टोपी आणायची. बुरुजाच्या पायऱ्या चढताना मोजायच्या आणि उतरताना पुन्हा मोजायच्या. दोन आकडे निराळे आले तर परत चढायचे! वर उभे राहून जे सर्वांत लांबचे ओळखू येईल, एखादे झाड, पाण्याची टाकी, मनोरा, कळस, जे काही असेल ते, त्याचे नाव आणि दिशा वहीत टिपायची. ते किती किलोमीटरवर असेल याचा मघाच्या रीतीने अंदाज करायचा, आणि शाळेत आल्यावर नकाशावर पट्टी ठेवून पडताळायचा. ज्याचा अंदाज सर्वांत जवळ येईल त्याला किंवा तिला माझ्या खिशातून एक चांगला नकाशासंग्रह बक्षीस मिळेल.

संमतिपत्रे वर्गशिक्षकांकडे आहेत. मातांसाठीच्या आठ जागांची यादी कार्यालयात लावली आहे. आज सकाळपर्यंत तिच्यात दोन नावे होती.